लवकर काम संपवणाऱ्याला शिक्षा का?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आठवड्याला 70 तास काम करा असं नारायण मूर्ती 2023 मध्ये बोलले, मग 2025 च्या जानेवारीत एल अँड टीचे सुब्रह्मण्यन एकदम 90 तासांवर गेले आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार असंही म्हणाले, तेव्हापासून आमच्या इंदुरात कुठेही चार मराठी टाळकी जमली, मग ते लग्न असो नाहीतर सकाळचं पोहे-जिलबीचं दुकान, की हा विषय निघतोच आणि लगेच दोन पार्ट्या पडतात. आपल्या पेपरातही यावर पत्रं येतात, बहुतेक माझ्याच वयाच्या लोकांची, आणि सूर ठरलेला, आम्ही मरमर राबलो, आताच्या पोरांना एसीत बसूनसुद्धा थकवा येतो. दुसरी पार्टी म्हणते हार्ड वर्क नको, स्मार्ट वर्क करा. त्यातल्या निम्म्या लोकांना विचारा की बाबा स्मार्ट म्हणजे तू नक्की काय करतोस, तर मोबाइल काढून एखादं ॲप दाखवतात.

मी दोन्हीकडचा नाही. म्हणजे नेमकं काम करणं हे नुसतं राबण्यापेक्षा केव्हाही भारी, यात मला काडीचीही शंका नाही, पण हे सगळे लोक एक गोष्ट बोलतच नाहीत, की आपल्याकडे जो माणूस आठ तासांचं काम पाच तासांत आणि नीट करतो त्याच्या पदरात काय पडतं? दुसऱ्याचं उरलेलं काम. आणि जो रात्री दहा वाजेपर्यंत बसतो त्याला शाल-श्रीफळ. मग लोकांनी डोकं का चालवावं?

70 चा आकडा निघालाच आहे तर आधी तो उरकतो. या आकड्याची परीक्षा शंभर वर्षांपूर्वीच होऊन गेलीये. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये दारूगोळ्याच्या कारखान्यांत माणसं, त्यात बायका खूप, काही ठिकाणी तर रविवार पण न घेता कामाला जुंपलेली होती, तेव्हा 1915 मध्ये सरकारनं कामगारांच्या तब्येतीसाठी एक कमिटी नेमली आणि त्या निमित्तानं किती तास काम झालं, किती माल निघाला हे सगळं लिहून ठेवलं गेलं. स्टॅनफर्डचे जॉन पेंकावेल म्हणून अर्थशास्त्राचे प्राध्यापक, त्यांनी 2014 मध्ये तेच जुने आकडे पुन्हा तपासले, तर निघालं काय, की 70 तासांच्या आठवड्यात जेवढा माल बनायचा आणि 56 तासांच्या आठवड्यात जेवढा बनायचा त्यात फारसा फरकच नव्हता. वरचे 14 तास जवळपास पाण्यात. आणि हे काही मीटिंगा आणि ईमेलचं काम नव्हतं बरं का, हाताचं काम, नग मोजता येणारं काम. आपल्याकडे तर त्याच्याही आधी नारायण मेघाजी लोखंडे, जोतीराव फुल्यांचे सहकारी, 1884 पासून मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी रविवारची सुटी मागत होते आणि ती 10 जून 1890 ला मिळाली. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत गिरणीत उभं राहणाऱ्या माणसांनी मागून घेतलेला रविवार आहे हा, आळशांनी नाही, एवढं तरी 90 तासवाल्यांनी लक्षात ठेवावं.

आता माझ्या अनुभवाचं सांगतो. मी पिथमपूरला एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये नोकरी केली, सुपरवायझर म्हणून रिटायर झालो, कारखान्याचं नाव लिहीत नाही, त्याची गरज पण नाही कारण सगळीकडे थोडंफार असंच चालतं. प्रेस शॉपमध्ये मोठ्या प्रेस मशिनीत पत्रा दाबून पार्ट निघतात, प्रत्येक पार्टची डाय, म्हणजे आकार देणारा साचा, वेगळी, एका पार्टचा लॉट संपला की ती डाय उतरवून दुसरी चढवायची, याला आम्ही नुसतं सेटिंग म्हणायचो. ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगतो हे सेटिंग कसं चालायचं. प्रेस बंद झाली की मग एक जण क्रेनवाल्याला शोधायला निघणार, क्रेन पलीकडच्या बेमध्ये, म्हणजे शेडच्या दुसऱ्या भागात, तिथलं काम संपेपर्यंत इकडे सगळे उभे. मग लक्षात येणार की हवी ती डाय रॅकमध्ये नाहीये, दुसऱ्या दोन डायच्या खाली आहे, त्या दोन आधी बाजूला काढा. डाय आली की तिची उंची आधीच्या डायपेक्षा कमी, मग खाली पॅकिंगच्या प्लेटा घाला, प्लेटा कुठेत, तर त्या कुणीतरी वेल्डिंगवाल्याकडे नेल्या. बोल्ट चार, चारही वेगळ्या लांबीचे, त्यातल्या दोघांचे आटे गेलेले, एक पाना 30 चा लागतो, एक 36 चा, आणि 36 चा पाना म्हणजे आमच्या शॉपमधली सगळ्यात दुर्मिळ वस्तू. एवढं करून डाय बसली की फर्स्ट पीस काढायचा, तो क्यूसीला, म्हणजे माल तपासणाऱ्याला, दाखवायचा, क्यूसीवाला चहाला गेलेला. तो येऊन माप घेणार, ओके म्हणणार, तेव्हा कुठे लॉट सुरू. अर्धी शिफ्ट यात जायची कधीकधी.

आणि गंमत म्हणजे या सगळ्या वेळात कुणी बसलेलं नसायचं. पाच माणसं घामाघूम, कपडे ग्रीसनं भरलेले, कुणी लोंबकळून बोल्ट आवळतोय, कुणी धावतोय. वरच्या केबिनच्या काचेतून मॅनेजरनं बघितलं तर त्याला वाटणार काय जीव तोडून काम करतायत पोरं. जीव तोडून करतच होती, खोटं नाही. पण प्रेस बंद होती ना.

जपानमध्ये शिगेओ शिंगो म्हणून एक इंजिनियर होऊन गेले, त्यांची कित्येक वर्षं याच सेटिंगच्या मागे गेली. टोयोटामध्ये 1969 साली 1000 टनी प्रेसच्या सेटिंगला 4 तास लागायचे, ते शिंगोंनी आणि तिथल्या लोकांनी आधी दीड तासावर आणलं आणि मग थेट 3 मिनिटांवर. कुणी जोरात बोल्ट आवळले म्हणून नाही. त्यांनी फक्त सगळ्या कामांचे दोन भाग पाडले, कुठलं काम प्रेस बंद झाल्याशिवाय करताच येत नाही आणि कुठलं प्रेस चालू असतानाच करून ठेवता येतं. डाय आणून बाजूला ठेवणं, पाने-बोल्ट तयार ठेवणं, क्रेन सांगून ठेवणं, हे सगळं आधीचा लॉट चालू असतानाच होऊ शकतं. मग उंचीचा प्रश्न, तर सगळ्या डाय एकाच उंचीच्या करून टाका, पॅकिंगची भानगडच नको. ऐकताना वाटतं यात काय विशेष, आपल्याला पण सुचलं असतं. सुचतं हो, खरंच सुचतं, पुढचं ऐका.

आमच्याकडे पण एका फिटरला सुचलं. उज्जैनकडचा माणूस, दहावी पण पास नव्हता, शिंगोचं नाव त्यानं ऐकलेलं नव्हतं. त्यानं काय केलं की भंगारातल्या प्लेटा घेऊन प्रत्येक डायच्या खाली कायमच्या जोडून टाकल्या, उंची सगळ्यांची सारखी. एक जुनी ट्रॉली होती तिला खण करून त्यात त्या-त्या सेटिंगचे पाने-बोल्ट आधीच भरून ठेवायचा. प्रेसच्या बेडवर पिवळ्या पेंटनं रेघा मारल्या, डाय कुठे बसणार ते आधीच कळायचं, सरकवत बसायला नको. आणि लॉट संपायच्या आधी एक पोरगं क्रेनवाल्याकडे पाठवायचा. आमची काही 3 मिनिटं झाली नाहीत, ते जपान्यांनाच जमो, पण अर्ध्या शिफ्टचं काम जेवणाच्या सुटीएवढ्या वेळात व्हायला लागलं.

मग काय झालं? मॅनेजमेंट खूष झाली, बोर्डावर फोटो लागला, एक सर्टिफिकेट मिळालं, स्टीलचा डबा की थर्मास असं काहीतरी मिळालं. आणि दुसऱ्याच महिन्यात शेजारच्या लाइनचं सेटिंग पण त्याच्याच गळ्यात. पगार तोच. वरून ओव्हरटाइम गेला. आता ही ओटीची गोष्ट बाहेरच्या लोकांना कळत नाही म्हणून सांगतो, 1948 च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये आठवड्याचे 48 तास ठरवून दिलेले होते आणि त्यावर काम झालं तर पैसे दुप्पट, आणि ओटीचं रजिस्टर मी भरायचो त्यामुळे मला पक्कं माहितीये की कित्येक घरांचे हप्ते, पोरांच्या फिया या दुप्पट पैशावर चालायच्या. सेटिंग लांबलं की माल कमी पडायचा, माल कमी पडला की ओटी लागायचा. या माणसानं सेटिंग कमी केलं आणि स्वतःचा आणि बाकी चौघांचा ओटी घालवला. ते चौघं त्याच्याशी बोलेनासे झाले, डबा खायला एकटा बसायचा बिचारा. पुढे एकदा मला त्याच्या बोलण्यावरून कळलं की फर्स्ट पीससाठी थांबावं लागू नये याची पण एक आयडिया त्याच्याकडे आहे, मी म्हटलं मग सांग ना वर, तर म्हणाला, "साब, पिछली बार का इनाम अभी तक भुगत रहा हूँ." ती आयडिया त्याच्याबरोबरच गेली रिटायर होऊन.

त्याच शॉपमध्ये एक मेंटेनन्सवाला होता, त्याच्याकडच्या मशिनी नेहमी रात्रीच बंद पडायच्या. रात्री दोनला बोलवा, हा येणार, सकाळपर्यंत खटपट करून चालू करणार, डोळे लाल, सगळ्यांसमोर. वार्षिक कार्यक्रमात शाल त्याला. आणि ज्याच्या मशिनी बंदच पडत नव्हत्या कारण तो दर आठवड्याला तेल-फिल्टर-बेल्ट बघायचा, त्याचं नाव मॅनेजरला माहीत नव्हतं, माहीत व्हायचं कारणच काय. आता तुम्ही सांगा, त्या कारखान्यात नवीन आलेला पोरगा काय शिकणार?

कष्टवाल्या पार्टीचं म्हणणं असतं की कष्टाचं फळ मिळतंच. आमच्या शहरात हे वाक्य जरा जपून बोलावं. हुकुमचंद मिल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली, तिथल्या कामगारांनी काय कमी कष्ट केले होते? पण त्यांच्या हक्काचे 224 कोटी मिळाले कधी, तर 25 डिसेंबर 2023 ला, तीस वर्षांच्या वर कोर्टकचेऱ्या करून. सुमारे 4800 कामगारांचा प्रश्न होता, त्यातले कित्येक तोवर राहिलेच नव्हते, पैसे घ्यायला बायका-पोरं.

आणि स्मार्टवाल्या पार्टीला पण एक गोष्ट ऐकवतो. कामाचं शास्त्र ज्यानं पहिल्यांदा मांडलं म्हणतात तो अमेरिकेतला फ्रेडरिक टेलर, त्याचं 1911 चं पुस्तक आहे, त्यात एक किस्सा आहे, बेथलेहेम स्टील कंपनीत लोखंडाच्या लाद्या उचलून वॅगनमध्ये भरायच्या होत्या, एक माणूस दिवसाला साडेबारा टन भरायचा. टेलरनं त्याला कधी उचल, कधी चाल, कधी बसून आराम कर हे घड्याळ लावून सांगितलं आणि तोच माणूस साडेसत्तेचाळीस टन भरायला लागला. पुढे अभ्यासकांनी या किश्श्यातल्या तपशिलावर शंका घेतल्या, ते असो, मला त्यातला पगाराचा आकडा महत्त्वाचा वाटतो, तो टेलरनं स्वतःच छापलाय. आधी रोजचे 1 डॉलर 15 सेंट मिळायचे, मग 1 डॉलर 85 सेंट. काम पावणेचार पटीच्या वर गेलं, मजुरी दीडपटीच्या जरा वर. बाकीचं कुठे गेलं ते सांगायला नको. मुंबईत 1928 ला गिरण्यांचा तो प्रचंड संप झाला, सहा महिने चालला, त्यात पण हेच भांडण होतं, मालक म्हणत होते दोन मागांऐवजी तीन माग सांभाळा, यात कार्यक्षमता आहे, आणि विणकर विचारत होते की तिसऱ्या मागामुळे आमच्यातले जे घरी बसतील त्यांचं काय. विणकरांना यंत्र कळत नव्हतं असं कुणी म्हणू नये, त्यांना हिशोब चांगला कळत होता.

म्हणून मी म्हणतो की वाचलेला वेळ कुणाचा, हे आधी ठरवा. बाकी सगळी चर्चा नंतर.

बांधकामावर जाऊन बघा, तिथे हे अगदी उघडं दिसतं. हाजिरीवर काम असेल तर मिस्त्री आणि बेलदार दिवसभर हलत दिसले पाहिजेत, ठेकेदार येऊन बघतो ते एवढंच. मिस्त्री प्रत्येक विटेसाठी खाली वाकतो, वीट उचलतो, फिरवून बघतो, मग लावतो. फ्रँक गिलब्रेथ नावाच्या माणसानं, तो स्वतः आधी विटा लावायचंच काम करायचा, शंभर वर्षांच्या वर झाली, विटा कंबरेच्या उंचीवर राहतील अशी पालाख, म्हणजे परांची, बनवली, वाकणंच बंद केलं, एक वीट लावायला 18 हालचाली लागायच्या त्या 5 वर आणल्या आणि तासाला 120 विटांच्या जागी 350 लागायला लागल्या. आपल्याकडे ती पालाख अजून का नाही? कारण मिस्त्रीची कंबर स्वस्त आहे. पालाखीला पैसे ठेकेदाराचे लागतात, कंबर मिस्त्रीची जाते. आणि ठेक्यावर काम दिलं तर उलटं, पटापट उरकतात, पण आमच्या गल्लीतल्या एका घराचं ठेक्यावर केलेलं प्लास्टर पहिल्याच पावसाळ्यात पोपडे धरून खाली आलं, तेव्हा नुसतं लवकर उरकणं म्हणजे चांगलं काम असंही कुणी समजू नये. पाट्या टाकायचं काम हळू पण होतं आणि फास्ट पण होतं.

चांगलं उदाहरण द्यायचं तर ते मला माझ्याच शहराचं देता येतं आणि ते देताना छाती जरा फुगते, माफ करा. 2016 च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर 25 वं होतं आणि 2017 ला पहिलं, मग 2023 पर्यंत सलग सात वेळा पहिलं. एका वर्षात सफाई कामगार अचानक जास्त राबायला लागले का? ते बिचारे आधी पण राबतच होते. आधी काय व्हायचं, घरातला कचरा कोपऱ्यावरच्या पेटीत, पेटी भरली की बाहेर, मग गाई-कुत्री-डुकरं तो रस्ताभर पसरवणार, मग झाडूवाली तो पुन्हा गोळा करणार, मग फावड्यानं ट्रॉलीत, मग देवगुराडियाच्या कचरा डेपोत नेऊन कचऱ्याच्या डोंगरावर ओतणार. एकच कचरा चार-पाच वेळा उचलायचा, आणि प्रत्येक वेळी कुणाच्या तरी पाठीचे हाल. मग पेट्याच काढून टाकल्या. सकाळी गाणं वाजवत गाडी येते, आपण डबा घेऊन दारात, आणि कचरा जमिनीला न लागता सरळ गाडीत.

त्याहून शहाणपणाचं काय तर ओला-सुका घरातच वेगळा करायचा, आता तर सॅनिटरी, ई-कचरा वगैरे धरून सहा प्रकार. सुरुवातीला आमच्या गल्लीत पण कुरकुर झाली की हे काय आता कचरा पण निवडायचा, तांदूळ आहेत का. पण विचार करा, भाजीची सालं सालांच्या डब्यात टाकायला आपल्याला एक सेकंद पण जास्त लागत नाही, आणि तेच एकदा प्लॅस्टिकमध्ये कालवलं की वेगळं करायला कुणाला तरी त्या घाणीत तासन्‌तास हात घालावे लागतात. काम जिथे सगळ्यात सोपं आहे तिथेच करून टाकायचं, बस एवढंच. तो ओला कचरा वेगळा येतो म्हणून तर देवगुराडियाचा बायो-सीएनजी प्लांट चालतो, फेब्रुवारी 2022 ला सुरू झाला, दिवसाला 550 टन ओल्या कचऱ्याची त्याची क्षमता आहे, आणि त्यातली सीएनजी शहरातल्या बसमध्ये जाते. मिसळलेला कचरा दिला असता तर सगळ्या इंदूरनं 90 तास राबून पण गॅस निघाला नसता. फक्त एक गोष्ट बोलायची राहते, रात्री राजवाड्याच्या बाजूला झाडू मारणाऱ्या बायका अजून रात्रभर उभ्याच असतात, नंबर वनचे बोर्ड शहरभर लागतात तेव्हा त्यांच्या पदरात काय जास्तीचं पडलं हे विचारायला कुणी जात नाही. इथे पण तोच प्रश्न आला बघा.

हे लिहिताना आमच्या सौ. शेजारी होत्या, त्यांचं म्हणणं की तुमच्या कारखान्यात निदान भोंगा तरी व्हायचा. घरात मिक्सर आला, वॉशिंग मशिन आलं, त्यानं वेळ वाचला का, तर नाही, आधी कपडे दोन दिवस चालायचे ते आता रोज बदलतात, आधी सणाला होणारे चार पदार्थ आता रविवारी मागतात, आणि पाहुणा आला की वर ऐकवतो की आता काय, सगळं मशिनच करतं. आमच्या नात्यात एक वहिनी आहेत, सगळा स्वयंपाक नऊला आटोपून पुस्तक घेऊन बसतात, जेवण उत्तम, घर लख्ख, तरी त्यांच्याबद्दल बोललं जातं की तिला बरं जमतं बाई बसायला. आणि दुसऱ्या एक आहेत ज्यांचं तीनपर्यंत ओट्यापाशी खुडबुड चालू असते, त्या म्हणजे मोठ्या कष्टाळू, घरासाठी झिजल्या. हे बोलणाऱ्या पण बायकाच असतात हे सौ.चं वाक्य आहे, माझं नाही.

भाचा सुपर कॉरिडॉरला आयटीत आहे. तो सांगतो की काम सहाला संपतं पण टीम लीड बसलाय म्हणून सगळे बसतात, लीड का बसतो तर त्याचा मॅनेजर ऑनलाइन दिसतोय म्हणून, आणि मॅनेजरनं लॅपटॉप उघडा ठेवून जिम गाठलेली असते. रोज करायच्या एका रिपोर्टसाठी भाच्यानं छोटा प्रोग्रॅम लिहून ठेवलाय, दोन तासांचं काम पाच मिनिटांत होतं, आणि हे त्यानं कुणालाही सांगितलेलं नाही. मी विचारलं का, तर म्हणे मामा, सांगितलं की आणखी चार जणांचे रिपोर्ट माझ्याकडे येतील. पिढी बदलली, पत्र्याच्या जागी कॉम्प्युटर आला, आणि माझ्या उज्जैनवाल्या फिटरचं आणि याचं बोलणं एकच. मग वर कंपन्या कन्सल्टंट बोलावतात लाखो रुपये देऊन, की आमच्या लोकांची प्रॉडक्टिव्हिटी कशी वाढवावी. अरे तुमच्याच माणसांच्या खिशात आहे ती, लपवून ठेवलेली.

एक मात्र आहे, यावरून कुणी असा अर्थ काढू नये की मेहनत म्हणजे मूर्खपणा. काही कामांत हजर असणं हेच काम असतं, नर्स, वॉचमन, बस चालवणारा, तिथे लवकर संपवणं म्हणजे काय? आणि शिकायच्या काळात तर तास मोजूच नयेत. उस्ताद अमीर खाँ साहेबांच्या शहरात राहून मी रियाजाला शॉर्टकट सांगणार नाही. तो फिटर सुद्धा वर्षानुवर्षं त्या डायच्या खाली झोपून, बोटं चेपून घेऊन शिकलेला होता, तेव्हा कुठे त्याला दिसलं की कुठलं काम फुकट चाललंय. बाहेरून आलेल्या एमबीएवाल्या पोरांना ते दिसलं नाही, त्यांनी फक्त चार्ट बनवले, रंगीत. माझा राग मेहनतीवर नाहीच, मेहनत नुसती दिसली पाहिजे या हट्टावर आहे.

माझं मागणं साधं आहे. ज्यानं वेळ वाचवला त्याला त्यातला वाटा द्या, मग तो पैशात द्या नाहीतर सुटीत द्या. ओटी बुडतोय तर जेवढा बुडाला त्यातला काही भाग पगारात घाला, कंपनीचं तरी पण फायद्यातच राहतं, मी रजिस्टर भरलेला माणूस आहे, हिशोब करून सांगतोय. काम झालं असेल तर चारला घरी जाऊ द्या आणि जाताना त्याच्याकडे वाकड्या नजरेनं बघू नका. आणि दुसऱ्याचं काम त्याच्याकडे सरकवायच्या आधी निदान विचारा तरी. वर्षाच्या शेवटी शाल द्यायचीच असेल तर ज्याच्या मशिनी बंद पडल्या नाहीत त्याला शोधून काढा, थोडा त्रास पडेल शोधायला, पण तेवढा घ्या.

आपल्या वाचकांत कारखाने, दुकानं, ऑफिसं चालवणारी पुष्कळ मंडळी असतील, इंदूर-देवासकडची आणि महाराष्ट्रातली पण. त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी पत्र लिहून कळवावं, त्यांच्याकडे लवकर आणि चांगलं काम केलं म्हणून कुणाला कधी अर्धा दिवस सुटी किंवा पगारात वाढ मिळाली आहे का, आणि मिळाली असेल तर बाकीच्या लोकांनी त्यावर काय केलं. मला खरंच वाचायचंय. 70 आणि 90 तासांवरची पत्रं थोडे दिवस बाजूला ठेवली तरी चालतील.

आपला,
एक जुना वाचक
सुदामा नगर, इंदूर